पुरुषांची गोळी

ही दोन हजार तेवीस सालची गोष्ट. त्याच साली रहमतुल्ला आणि त्याची बायको खुर्शीद यांचा हजचा नंबर लागला, आणि त्याच साली खुर्शीदच्या मूत्रपिंडातल्या खड्यानं डोकं वर काढलं. रमजान ईद होऊन शिरखुर्म्याची पातेली फळीवर चढली न चढली तोच तिच्या पाठीत कळ उठली. अशी कळ, की मांडीवरचं सुपारीचं ताट खाली पडलं आणि ती भिंतीला धरून उकिडवी बसली. विमान जूनच्या सुरुवातीचं होतं.

भिवंडीतल्या टेमघरच्या त्या गल्लीत खुर्शीदच्या घराला लागून कमळचं घर. मधे एकच भिंत. कमळ अंजूरहून नवरी होऊन आली, त्याच वर्षी खुर्शीदही पलीकडे नवरी होऊन आली. तेव्हा गल्लीच्या टोकाला रहमतुल्लाच्या वडिलांचे लूम, कापड विणायचे माग, होते. दिवसरात्र खटखट चालायची, आणि दोघी नव्या नवऱ्या एकमेकींशी ओरडूनच बोलायला शिकल्या. लूम पुढे रस्त्यापलीकडच्या मोठ्या शेडमध्ये गेले, पण मोठ्यानं बोलायची सवय राहिली. खुर्शीदच्या सांदणांचा पहिला घाणा कमळकडे यायचा, आणि कमळच्या माहेरून खाडीची कोलंबी आली की निम्मी भिंतीपलीकडे जायची. मुलं कुठल्या घरात जेवली हे रात्री विचारून घ्यावं लागे.

हजची ओढ खुर्शीदला किती होती, ते कमळइतकं कुणालाच माहीत नव्हतं. गल्लीतलं कुणी हजहून आलं की खुर्शीद त्यांनी मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी आणि खजूर घ्यायला जायची आणि प्रत्येकाला तेच विचारायची, "काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय झालं?" कुणी सांगे रडू आलं, कुणी सांगे पाय हलेनात. ती परत येऊन ते सगळं कमळला सांगायची, जणू स्वतःच जाऊन आली. नंबर लागला त्या दिवशी ती पिठाच्या हातानंच धावत आली होती. कमळच्या दाराच्या चौकटीवर पिठाची बोटं उठली, ती कमळनं कितीतरी दिवस पुसली नाहीत.

आता कमळच्या गोळ्यांविषयी सांगायला हवं. तिचा नवरा काळूराम शेवटची काही वर्षं औषधांवरच होता. साखर, प्रेशर, आणि म्हातारपणी पुरुषांना होतो तो लघवी अडण्याचा त्रास. कमळ चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी नावं तिला वाचता येत नसत. ती गोळ्या रंगानं ओळखायची. चपटी गुलाबी प्रेशरची, लांबट पांढरी साखरेची, आणि रात्री जेवण झाल्यावर अर्धी नारिंगी अर्धी हिरवी कॅप्सूल, ती लघवीची. एकदा मेडिकलवाल्यानं गुलाबीच्या जागी पिवळी दिली, तेव्हा तिनं ती तशीच परत पाठवली. मुलगा म्हणाला, कंपनी बदलली असेल. पण पाहतात तर खरंच भलतीच गोळी निघाली. मेडिकलवाल्यानं दुकानातून उतरून तिची माफी मागितली. तेव्हापासून गल्लीतल्या बायका आपापल्या गोळ्या पदरात बांधून कमळकडे यायच्या. "कमळमावशी, ही सकाळची की रात्रीची?" कमळ चष्मा लावून, गोळी उजेडात धरून सांगायची. तिला ते आवडायचं. काळूराम गेल्यावर घरात तिला कुणी फारसं काही विचारत नव्हतं. गोळ्यांचं मात्र विचारत.

काळूरामच्या उरलेल्या गोळ्या तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या. फेकवत नव्हत्या.

खुर्शीदनं दोन-तीन आठवडे कळ अंगावर काढली. मग तिला डॉक्टर तऱ्यांकडे नेलं ते तिचा मुलगा नोमान यानं. तरे ठाण्याहून आठवड्यातून दोनदा भिवंडीत कल्याण रोडच्या एका हॉस्पिटलात येत. फोटो काढले. खडा मूत्रपिंडातून खाली नळीत उतरायच्या बेतात होता. ते म्हणाले, पोटाला काही कापायचं नाही, लघवीच्याच वाटेनं बारीक दुर्बीण घालून लेझरनं फोडू. दहा-बारा दिवसांनी ऑपरेशन, मग थोडा आराम, आणि काकी खुशाल विमानात बसतील. घरी येऊन नोमाननं आईच्या हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि म्हणाला, "ही रात्री जेवल्यावर एक." बाकी काही सांगितलं नाही.

तीन-चार दिवसांनी दुपारी खुर्शीद कमळच्या मागच्या दारी आली. कमळ सुका जवळा निवडत बसली होती.

"कमळ, हाय का गो?"

"ये. लांब बस, कपड्यांना वास लागेल."

"तुज्या घरचा वास मना नवा हाय काय?" खुर्शीद पाटावर बसली, पण बसताना तिनं कमळच्या खांद्याचा आधार घेतला. "आज पहाटे नमाजला उठले नि भिंत फिरली डोळ्यांपुढं. सुनेनं धरलं म्हणून, न्हायतर दात गेले असते उरलेले."

"रोजे संपले तरी चक्कर?"

"ही नवी गोळी चालू केल्यापासून." तिनं ओढणीच्या गाठीतून पाकीट काढलं. "ऑपरेशनच्या आधीची हाय म्हणं."

कमळनं हात पदराला पुसले आणि पाकीट उजेडात धरलं. मग उठली, आत गेली, बिस्किटांचा डबा घेऊन आली. डब्यातलं एक पाकीट काढून तिनं खुर्शीदच्या पाकिटाशेजारी ठेवलं. तेच. अर्धी नारिंगी, अर्धी हिरवी.

"ही तर आमच्या यांची गोळी."

"काळूभाऊंची? कसली?"

कमळनं दाराकडे पाहिलं आणि त्या गल्लीत क्वचितच होई इतक्या हळू आवाजात सांगितलं, "पुरुषांची. म्हातारपणी त्यांची लघवी अडते न्हाय का, त्याची."

खुर्शीदनं तोंडावर हात ठेवला. मग हसू फुटलं तिला. "या अल्ला! म्हंजे आता मना दाढी येणार?"

"हस, हस. बाईमाणसाला पुरुषाची गोळी. चक्कर येणार न्हाय तर काय होणार? मेडिकलवाल्यानंच घोटाळा केला असेल. मागं आमच्याकडं केला होता तसा."

तरी खात्री म्हणून जोहाला हाक मारली. जोहा नोमानची बायको, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. बी.कॉम. झालेली, सासूला घाबरणारी नव्हे पण जपणारी. तिनं पाकिटावरचं नाव एकेक अक्षर पाहून फोनवर घातलं आणि वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"मावशी बरोबर बोलतात, अम्मी. पुरुषांसाठीच आहे. बायकांनी घ्यायची नाही असंच लिहिलंय."

"बघ!" कमळ म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद तिला तेव्हा स्वतःला कळला नाही. नंतर फार कळला.

"नोमानला विचारू का?" जोहा म्हणाली.

"खबरदार!" खुर्शीद एकदम सरळ बसली. "पोराला काय सांगणार, तुज्या आईला पुरुषाची लघवीची गोळी दिली? तो तसाच दुकानात भांडायला जाईल नि रात्रीपर्यंत टेमघरभर होईल. हजला निघालेली बाई मी. लोक काय बोलतील?"

"मग डॉक्टरांना फोन..."

"फोन तो कंपाउंडर उचलतो. त्याला सांगायचं काय हे?"

मग निकाल कमळनं दिला. "खडा तर ते भूल देऊन दुर्बिणीनं काढणार हायत. त्यात या गोळीचं काय काम? नको घेऊस." तिनं खुर्शीदचं पाकीट उचललं, काळूरामच्या पाकिटावर ठेवलं आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं.

खुर्शीदची चक्कर थांबली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम सांगायला आली, "तुजं खरं निघालं गो." कमळनं मग तिला एक थैली दाखवली. लूमवरच्या कोऱ्या कापडाची, नाडी ओवलेली, हातानं शिवलेली. हजला सैतानाला खडे मारतात, ते वेचून ठेवायला थैली लागते, हे खुर्शीदनंच तिला कधीतरी सांगितलं होतं.

"इथला खडा इथंच टाकून जा," कमळ म्हणाली. "तिथले या थैलीत भर. नि एक खडा माझ्या नावानं मार. माझ्या डोक्यात पण सैतान हाय थोडा."

"थोडा?" खुर्शीद म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर रहमतुल्ला तस्बीहचे मणी ओढत बसला होता. शेजारी कमळ, पलीकडे जोहा. नोमान उगाच येरझाऱ्या घालत होता. डॉक्टर सांगितल्यापेक्षा बरेच लवकर बाहेर आले, तेव्हा रहमतुल्ला आनंदानं उठला. "झालं पण इतक्यात?"

"काकींना वॉर्डात आणू द्या," डॉक्टर तरे म्हणाले. "सगळ्यांशी एकदमच बोलतो."

खुर्शीदला आणलं. ती शुद्धीवर होती, ओठ सुकलेले. डॉक्टर तिच्या पायाशी उभे राहिले. चाळिशीचा शांत माणूस, समजावून सांगायची हौस असलेला.

"खडा काढता आला नाही, काकी. मूत्रपिंडापासून खाली येणारी नळी फार आवळलेली होती. दुर्बीण घालायच्या आधी आम्हाला एक पोकळ नळी आत सरकवावी लागते, ती काही केल्या पुढे जाईना. जबरदस्ती केली तर मूत्रपिंडाची नळी फाटते. म्हणून मी थांबलो. आत स्टेंट ठेवलाय, त्यानं वाट हळूहळू सैल होईल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करू."

"दोन-तीन आठवडे?" नोमान म्हणाला. "डॉक्टर, त्यांचं विमान आहे."

"माहीत आहे. म्हणून तर त्या कॅप्सूल दिल्या होत्या."

"कॅप्सूलनं काय होतं, डॉक्टरसाहेब?" रहमतुल्लानं विचारलं.

"मुळात औषध पुरुषांच्या लघवीच्या त्रासाचं. पण तीच कॅप्सूल मूत्रपिंडाखालची नळीही सैल करते, बाई असो की पुरुष. ऑपरेशनच्या आधी काही दिवस घेतली की आमची पोकळ नळी आत सहज जाते. थोडी चक्कर येते, म्हणून रात्री घ्यायची. नोमानला सगळं नीट सांगितलं होतं मी."

नोमान खाली बघत होता. आईला हे सगळं कुठल्या तोंडानं सांगणार, म्हणून त्यानं फक्त 'रात्री जेवल्यावर एक' एवढंच सांगितलं होतं. कमळला ते त्याच्या मानेवरून कळलं. तिनं पलंगाची कड धरली.

"रोज घेतल्या ना कॅप्सूल?" डॉक्टरांनी विचारलं.

जोहानं कमळकडे पाहिलं. कमळनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी पलंगावरून खुर्शीद बोलली, घशातून जेमतेम आवाज निघत होता तरी स्पष्ट बोलली.

"घेतल्या. सगळ्या घेतल्या."

"मग तुमची नळीच तशी असेल. काहींची नाही होत सैल, औषध घेऊनही. दोष कुणाचा नाही."

नोमाननं विचारलं, स्टेंट ठेवून जाता येईल का? डॉक्टरांनी मान हलवली. ते ऊन, ती गर्दी, मैलोगणती चालणं, पाणी वेळेवर मिळेल न मिळेल. ताप चढला तर परक्या मुलखात कोण बघणार? मी पाठवणार नाही, म्हणाले. खुर्शीदनं डोळे मिटून घेतले. भुलीचा अंमल असेल, असं बाकीच्यांना वाटलं.

घरी आल्यावर खुर्शीदला स्टेंटचा त्रास सुरू झाला. लघवीला आग, पाठीत कळ, दर थोड्या वेळानं उठायचं. कमळ रोज पेज करून न्यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खोलीत दोघीच होत्या, बाहेरून नोमानचा आवाज येत होता. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "हात चालत नाही त्या डॉक्टरचा. भोगायचं आम्ही! कुणाला पाठवू नका त्याच्याकडे."

कमळनं वाटी खाली ठेवली. "मी सांगते त्याला. त्या डॉक्टरांचं काय चुकलं?"

"बस खाली."

"खुर्शीद, माझ्यामुळं..."

"बस बोलले ना!" खुर्शीदनं तिचा हात धरून तिला पलंगावर बसवलं. "तू एकटी सांगशील, पण वाचून कुणी दाखवलं? जोहानं. वर्ष न्हाय झालं पोरीला घरात येऊन. नोमान तापट हाय. आयुष्यभर तिला ऐकवेल, तुज्यामुळं माज्या आईचं हज गेलं. आणि गोळी बंद तर मी केली ना? तोंड माजंच होतं."

"ते तुझं हज..."

"अल्लाचं बोलावणं नसेल." हे म्हणताना खुर्शीद भिंतीकडे बघत होती. ती तसं मानत होती की कमळसाठी म्हणत होती, ते कमळला कधीच कळलं नाही. तिनं पेजेची वाटी पुन्हा उचलली. पेज निवली होती. खुर्शीदनं ती तशीच प्यायली.

रहमतुल्ला जायला तयार नव्हता. म्हणाला, दोघांचं जोडीनं ठरलं होतं. खुर्शीद ऐकेना. "तुम्ही जा. माज्यासाठी तिथं मागा. पुढच्या साली नोमान नेईल मना." निघायच्या दिवशी गल्ली भरली. लोकांनी हार घातले, बायकांनी खिडक्यांतून दुवा मागायला सांगितलं. खुर्शीद दारातल्या खुर्चीवर बसली होती. तिनं हजसाठी शिवलेले आपले पांढरे कपडे आत ट्रंकेत ठेवून दिले होते, पण ती थैली नवऱ्याच्या हातात दिली. "कमळनं दिलीय. तिच्या नावाचा एक खडा मारायचाय, विसराल." रहमतुल्ला कमळकडे वळून म्हणाला, "मारतो हो वहिनी." गाडी गल्लीबाहेर वळली. लोक पांगले. खुर्शीद मात्र रिकाम्या रस्त्याकडे बघत बसून राहिली, आणि कमळला तिच्या शेजारी जाऊन बसायचं धाडस झालं नाही. ती मागच्या दारानं घरात गेली, डबा काढला आणि दोन्ही पाकिटं चुलीत घातली. मग वाटलं, यांची तरी ठेवायला हवी होती.

दुसरं ऑपरेशन डॉक्टर तऱ्यांनीच केलं. नोमान नको म्हणत होता, पण खुर्शीदनं हट्ट धरला, त्याच डॉक्टरकडे जायचं. या वेळी नळी सहज गेली आणि खडा निघाला. बाहेर आल्यावर कमळनं डॉक्टरांना एकटं गाठलं आणि विचारलं, "साहेब, ती कॅप्सूल घेऊन पहिल्याच वेळी नळी जाते का हो सगळ्यांची?"

"सगळ्यांची नाही, मावशी. पुष्कळांची जाते. काहींची नाही जात." त्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "का हो?"

"काही न्हाय. सहज."

पुष्कळांची जाते, काहींची नाही. खुर्शीद पुष्कळांतली होती की काहींतली, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. कमळ रात्री अंथरुणावर पडली की कधी एक बाजू धरायची, कधी दुसरी.

नंतर सगळ्यांचं असं झालं. डॉक्टर तरे दोनेक वर्षांत भिवंडीला यायचे बंद झाले. पेशंट कमी झाले, असं कंपाउंडर सांगत होता. नोमानच्या बोलण्यानं किती आणि आणखी कशानं किती, देव जाणे, पण त्या भागातून जाताना कमळ हॉस्पिटलच्या पाटीकडे बघत नाही. नोमाननं जुने लूम काढून नवीन घातले. त्याला खरं काय ते अजून माहीत नाही. जोहाला मुलगा झाला. घरात कुणीही नवीन औषध आणलं की ती आधी स्वतः डॉक्टरांना फोन लावते, कंपाउंडरनं उचलला तरी लाजत नाही. सगळं सविस्तर विचारते.

रहमतुल्ला हजहून सुखरूप आला. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय झालं, हे खुर्शीदनं त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "तू बाजूला नव्हतीस, तेच पहिलं आठवलं." पुढच्या थंडीत त्याला अर्धांगाचा झटका आला. त्याची उजवी बाजू गेली ती परत आली नाही. नोमान दर वर्षी आईला म्हणतो, अम्मी, फॉर्म भरू. खुर्शीद म्हणते, यांना कुणाच्या हवाली करून जाऊ? तिची स्वतःची तब्येत उत्तम आहे. खडा पुन्हा झाला नाही. पांढरे कपडे ट्रंकेत आहेत, आणि दर ईदला ती त्यांना ऊन दाखवते.

आणि कमळ. गल्लीतल्या बायका अजून कधी गोळ्या घेऊन येतात, पण ती चष्मा लावत नाही. "मला न्हाय कळत त्यातलं," म्हणते, "ज्यानं दिली त्याला विचारा." बायका म्हणतात, वय झालं, कमळमावशी विसरायला लागली.

खुर्शीद मात्र सोडत नाही. रहमतुल्लाच्या गोळ्या ती हजहून परत आलेल्या त्या थैलीत ठेवते, आणि संध्याकाळी ती घेऊन मागच्या दारी येते. जोहा घरात असते, तिला सगळं पाठ असतं, तरी येते.

"कमळ, यांची रात्रीची कुठली गो यात?"

कमळ थैली हातात घेते. नाडी सोडते. आतल्या पाकिटांचे रंग तिला लांबूनच ओळखू येतात. मग ती भिंतीकडे तोंड करून जोरात हाक मारते, "जोहा! ये बाय जरा, वाचून दाखव."

जोहा येईपर्यंत दोघी पाटावर शेजारी बसून राहतात.